कुशन की कॉम्पॅक्ट, काजळ की लायनर? ठाणे-वाशी लोकलमध्ये घेतलेली परीक्षा

भाचीला घणसोलीत नोकरी लागली. पहिला पगार हातात पडायच्या आतच तिचा प्रश्न आला, "मावशी, कोरियन कुशन घेऊ की आपला कॉम्पॅक्टच बरा?" फोनवर उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता. रविवारी तिला नौपाड्यात घरी बोलावलं, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीलाही बोलावलं, आणि तिघींच्या पिशव्यांतलं सामान जेवणाच्या टेबलावर ओतलं.

तिघी कोण ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावरच आहे. मी गव्हाळ, चाळिशी उलटलेली, त्वचा कोरडी, गालांवर वांग. भाची सावळी, तेलकट त्वचेची, डोळे खोल आणि त्यांखाली काळी वर्तुळं. मैत्रीण मूळची इम्फाळची, सहा वर्षांपासून माजिवड्यात राहते. रंग उजळ पिवळसर, वरच्या पापणीला घडी नाही, पापण्यांचे केस सरळ आणि खाली झुकलेले. "आशियाई चेहऱ्यासाठी मेकअप" असं शोधलं की जे व्हिडिओ समोर येतात ते बहुतेक सेऊल-टोकियोच्या चेहऱ्यांवर केलेले असतात. ते मैत्रिणीला जसेच्या तसे लागू पडतात, मला अर्धे, आणि भाचीला हातापुरते. हातापुरते म्हणजे लावायची पद्धत घ्यायची, रंगाचा नंबर घ्यायचा नाही. भाचीला मी हेच सांगितलं, पण तिला ते पटायला जूनचा एक पंधरवडा गेला.

परीक्षा अशी ठरली : सकाळी आठला घरी लावायचं, ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर उभं राहायचं, दिघा गाव, ऐरोली, रबाळे करत घणसोलीला उतरायचं, दिवसभर एसीत बसायचं आणि संध्याकाळी परत येऊन खिडकीच्या उजेडात आरसा बघायचा.

चेहऱ्याचा थर : कुशन, कॉम्पॅक्ट, टिंटेड सनस्क्रीन

कुशन म्हणजे पातळ फाउंडेशनमध्ये भिजवलेला स्पंज, डबीत बंद केलेला. 2008 मध्ये अमोरपॅसिफिक या कोरियन कंपनीच्या आयओपी ब्रँडने ते पहिल्यांदा आणलं. पार्किंगच्या पावतीवर मारायच्या शिक्क्याच्या पॅडवरून ती कल्पना सुचली असं सांगतात, आणि वापरताना ते पटतंही. गादी दाबायची, पफ टेकवायचा, चेहऱ्यावर थोपटायचं. घासायचं नाही. थोपटल्याने थर पातळ बसतो आणि त्वचा ओलसर, जिवंत दिसते. माझ्या कोरड्या गालांवर ते कॉम्पॅक्टपेक्षा (म्हणजे डबीतल्या दाबलेल्या पावडरीपेक्षा) कितीतरी चांगलं बसलं. कॉम्पॅक्ट माझ्या नाकाच्या कडेला भेगाळतो आणि चारच्या सुमारास मी भिंतीला चुना लावल्यासारखी दिसते.

पण शेडचं काय? कोरियन कुशनवर 13, 17, 21, 23 असे आकडे असतात. आकडा वाढेल तसा रंग गडद. तिथे सर्रास खपणारे आकडे 21 आणि 23. मैत्रिणीला 23 अगदी बेमालूम बसतो. मला 25-27च्या आसपास शोधावं लागतं. भाचीने हौसेने 23 मागवला होता. तो तिच्या गालावर राखेसारखा दिसला, आणि मानेशी सीमारेषा अशी स्पष्ट की तलावपाळीच्या पलीकडून दिसावी. हा राखाडीपणा केवळ रंग फिका म्हणून येत नाही. सावळ्या त्वचेत बहुधा सोनेरी किंवा हिरवट छटा असते. तिच्यावर गुलाबी छटेचा, पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा भर असलेला थर चढला की चेहरा आजारी दिसतो. 2024 मध्ये टिरटिरसारख्या ब्रँडने शेडची रांग बरीच गडदपर्यंत वाढवली, त्यामुळे आता वाट बंद नाही. मात्र दुकानातल्या शेल्फवर अजून 21-23च जास्त दिसतात.

कॉम्पॅक्ट इथे उजवा ठरतो. आपल्याकडे खपणाऱ्या डब्यांत गव्हाळ-सावळ्या शेड आधीपासून असतात. टाटांनी 1952 मध्ये लॅक्मे काढली, त्यालाही आता सत्तरहून जास्त वर्षं झाली (नाव लक्ष्मीचंच, फ्रेंच वळणाचं). भाचीच्या तेलकट कपाळावर कॉम्पॅक्ट घणसोलीपर्यंत टिकला, कुशन रबाळ्यालाच चकाकायला लागलं. त्यावर मैत्रिणीने तिची युक्ती सांगितली : कुशन फक्त गालांवर आणि जिथे झाकायचंय तिथे, आणि कपाळ-नाक-हनुवटीवर चिमूटभर सैल पावडर. यानंतर भाचीचंही कुशन दुपारपर्यंत राहिलं. पावडर घेताना एक बघा : लग्नाला किंवा हळदीकुंकवाला फ्लॅशने फोटो निघणार असतील तर सिलिका भरलेली पांढरी "एचडी" पावडर नको. माझ्या एका फोटोत डोळ्यांखाली दोन पांढरे चंद्र उगवलेत, ते अजून कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतात.

तिसरा पर्याय टिंटेड सनस्क्रीन, आणि माझा कौल त्याकडे आहे. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर वांग आणि डाग फक्त अतिनील किरणांनी गडद होत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही होतात. साधं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. टिंटेडला जो तपकिरी रंग येतो तो आयर्न ऑक्साइडचा, आणि आयर्न ऑक्साइड त्याला अडवतं. शिवाय त्या तपकिरीमुळे सनस्क्रीनमधल्या झिंक-टायटॅनियमचा पांढरटपणाही झाकला जातो. कुशनच्या डबीवर एसपीएफ 50 (उन्हापासून बचावाचा आकडा) लिहिलेलं असतं म्हणून वेगळं सनस्क्रीन टाळू नका. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढ्या थरावर मोजतात. तेवढं कुशन थोपटलं तर चेहऱ्याचा मुखवटा होईल. आधी दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन, मग बाकी सगळं.

पैशाचा हिशेब साधारण असा : कॉम्पॅक्ट तीनशे ते सातशे, टिंटेड सनस्क्रीन चारशे ते नऊशे, कोरियन कुशन हजारापासून अडीच हजारांपर्यंत. कुशन उघडल्यावर गादी हळूहळू सुकते, म्हणून आठवड्यातून दोनदा वापरणाऱ्या बाईला ते महागच पडतं.

डोळ्यांखालचं काळं

पूर्वेकडची एक पद्धत मी भाचीला स्पष्ट नको म्हटली. कोरियन मेकअपमध्ये खालच्या पापणीखालचा फुगीर भाग मुद्दाम उठवतात. त्याखाली तपकिरी सावली, वर चमक. त्याने चेहरा लहान मुलीसारखा दिसतो म्हणे. आपल्याकडे तिथे सावली आधीच फुकट मिळालेली असते. भाचीने ती करून पाहिली आणि तिच्या आईने विचारलं, "रात्री झोपली नाहीस का गं?"

तिला हवा होता करेक्टर, म्हणजे काळेपणाचा रंग मारणारं रंगीत क्रीम. त्याआधी वर्तुळं कसली ते ओळखायला हवं. खिडकीकडे तोंड करून हनुवटी थोडी वर उचला. काळं नाहीसं झालं तर ती खोलगट भागाची सावली आहे. तिथे करेक्टरचा उपयोग नाही, फक्त त्या रेषेवर अर्ध्या शेडने उजळ कन्सीलर (डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) पुरतो. तसंच राहिलं तर रंगद्रव्य किंवा खालच्या रक्तवाहिन्यांचा निळसरपणा. त्यावर थेट उजळ कन्सीलर लावला की पुन्हा तोच राखाडी रंग. निळ्याला नारिंगी मारतो, म्हणून आधी करेक्टर : उजळ त्वचेला पीच, सावळीला नारिंगी. तांदळाच्या दाण्याएवढा, अनामिकेने थोपटून, आणि फक्त काळ्यावर. तोंडाच्या कडेला काळवंडलेलं असेल तर तिथेही तोच. भाचीच्या सगळ्या खरेदीत सर्वात जास्त फरक या एका डबीने पडला, आणि ही डबी कुठल्याच "आशियाई" व्हिडिओत तिला कोणी दाखवली नव्हती.

काजळ, जेल पेन्सिल, पेन लायनर

काजळाला पर्याय सुचवायचा म्हणजे आईच्या हातचं जेवण नको म्हणण्यासारखं. तरी सांगते. खालच्या पापणीच्या आतल्या कडेला लावलेलं काजळ मेणाचं आणि तेलाचं असतं. घाम आणि डोळ्यातलं पाणी मिळालं की ते खाली उतरतं, मग डब्यावर "स्मजप्रूफ" काहीही छापलेलं असो. आमच्या परीक्षेत ते ऐरोलीलाच उतरलं. खोल डोळ्यांना खाली काळं दिलं की डोळे आणखी आत गेल्यासारखे दिसतात, हे वेगळंच.

जेल पेन्सिल वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, केसांच्या मधल्या फटीत भरायची. तिला अर्धं मिनिट सुकू द्यायचं आणि तेवढा वेळ डोळे चोळायचे नाहीत. आमच्या तिघींनाही हे चाललं. केस दाट दिसतात, रेघ दिसत नाही. भाचीला काजळ सोडवत नव्हतं म्हणून तडजोड अशी झाली : वर काळी जेल, खाली फक्त बाहेरच्या एकतृतीयांशावर तपकिरी, आणि त्याखाली पावडरचा हलका हात.

पेन लायनरची गंमत मैत्रिणीने शिकवली. ज्यांच्या वरच्या पापणीला घडी नाही, किंवा वयाने घडीवरची कातडी खाली उतरली आहे (म्हणजे मी), त्यांनी डोळा मिटून, पापणी ओढून रेघ मारू नये. डोळा उघडला की अर्धी रेघ आत गिळली जाते आणि उरलेली वरच्या कातडीवर ठशासारखी उमटते. आरसा समोर धरून, डोळे उघडे, नजर सरळ ठेवून बाहेरचं टोक आधी काढायचं, मग आत यायचं. मिटलेल्या डोळ्यावर ती रेघ वेडीवाकडी, मधेच पायरी आल्यासारखी दिसते. उघड्या डोळ्यावर सरळ. वीस वर्षं मी उलटं करत होते. टोक वर न्यायचं की कोरियन पद्धतीने किंचित खाली? बाहेरचे कोपरे वर चढलेले असतील तर खाली नेलेलं शोभतं. माझे आधीच उतरलेले. मला ते दुःखी दिसतं.

मस्करा : पापण्यांचे केस सरळ असतील तर आधी कर्लर (केस वळवायचा चिमटा), मग वॉटरप्रूफ. साध्या पाणीदार मस्कऱ्याने वळवलेले केस पुन्हा खाली येतात. ज्यांचे केस मुळातच वळलेले आहेत त्यांना ट्युबिंग (केसाभोवती नळीसारखा बसणारा) मस्करा बरा, घामात पसरत नाही आणि कोमट पाण्याने सालीसारखा निघतो. मैत्रिणीला पहिला, आम्हा दोघींना दुसरा.

भुवया आणि ओठ, थोडक्यात

सरळ कोरियन भुवई लांब चेहऱ्याला चांगली, गोल चेहऱ्याला आणखी गोल करते. पार्लरमध्ये थ्रेडिंगला बसताना "आकार बदलू नका, फक्त साफ करा" एवढंच म्हणा. भुवया काळ्या असल्या तरी पेन्सिल गडद तपकिरी घ्या.

ओठांचं म्हणाल, तर पाण्यासारखा पातळ लिप टिंट मधे गडद आणि कडेला विरघळता लावायची फॅशन आहे. आपल्यापैकी अनेकींच्या ओठांची कड काळपट आणि मध्य गुलाबी असतो, म्हणजे नेमकं उलटं. गुलाबी टिंट अशा ओठांवर जांभळट दिसतो. विटकरी, बेरी किंवा तपकिरी-गुलाबी लिपस्टिक पूर्ण ओठभर लावलेली बरी. मॅट लिक्विड लिपस्टिकला आम्ही ठाण्यातल्या मामलेदारच्या मिसळीसमोर बसवलं. तर्रीच्या तेलाने ती ओठांच्या मधून फुटली. टिंटचा डाग मात्र राहिला. म्हणून भाची आता आधी विटकरी टिंट, वर साधी लिपस्टिक लावते. खाताना वरचं गेलं तरी खालचं उरतं.

घेताना

एका मॉलच्या काउंटरवर पिवळ्या दिव्याखाली मला दोन शेड फिका फाउंडेशन विकला गेला होता. नंतर बदलूनही दिला नाही. तेव्हापासून मी शेड मनगटावर नाही, जबड्यावर लावते, दाराबाहेर उजेडात येते आणि दहा मिनिटं थांबते, कारण हवा लागल्यावर बरेच थर गडद होतात. मॅक या ब्रँडच्या काउंटरवर गेलात तर एनसी आणि एनडब्ल्यू या शेडच्या खुणांनी गोंधळू नका : सी म्हणजे "कूल", थंड, असला तरी एनसी पिवळ्या-सोनेरी छटेच्या त्वचेसाठी आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याचजणी तिथेच बसतात.

गावदेवी मार्केटच्या आसपास किंवा ऑनलाइन अर्ध्या किमतीत कोरियन डबी दिसली तर ती उलटून पाहा. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार आयात मालावर नोंदणी क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता असावा लागतो. नसेल तर ठेवून द्या. डोळ्यांच्या बाबतीत तर नक्कीच, आणि सुट्या सुरम्याच्या बाबतीत त्याहून. त्यात शिसं असू शकतं.

भाचीने शेवटी घेतलं ते असं : टिंटेड सनस्क्रीन, नारिंगी करेक्टर, कॉम्पॅक्ट, काळी जेल पेन्सिल, विटकरी टिंट. 23 नंबरचं कुशन तिने मैत्रिणीला देऊन टाकलं. मी माझ्यासाठी 27चं मागवलंय, ते अजून यायचंय.