घरी गेटर शिवताना: कापड कुठलं, बंद कसले?

पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालायचं ठरलं की जो तो बुटांची चौकशी करतो. पोटरीची आठवण येते ती मसाई पठार ओलांडून रानात शिरल्यावर, बुटात चिखल गेला आणि मोज्यावर जळू दिसली की. १२-१३ जुलै १६६० च्या रात्रीची आठवण म्हणून या मोहिमा जुलैतच निघतात, म्हणजे ऐन पावसात. त्यामुळे कोल्हापुरात गेटर शिवायला बसणाऱ्यानं पाऊस, चिखल आणि जळवा या तिघांचा विचार आधी करावा. कुसळं, करवंदीच्या जाळ्या आणि जांभ्याची कच हे दसऱ्यानंतरचं दुखणं.

गेटर म्हणजे बुटाच्या तोंडापासून गुडघ्याखालपर्यंत चढवायचं आवरण. तयार जोड मिळतात, पण ते पोटरीला सैल किंवा आवळ होतात आणि साध्या कॅनव्हासच्या बुटावर नीट बसत नाहीत. घरच्या मशीनवर शिवलेला जोड मापाचा होतो. मी गेली काही वर्षं स्वतःसाठी आणि सोबत चालणाऱ्यांसाठी असे जोड शिवते आहे. कापड आणि बंद निवडताना कुठं पैसे घालावेत आणि कुठं वाचवावेत, ते सांगते.

सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं रेनकोटचं कापड. हलकं, स्वस्त, साध्या सुईनं शिवता येतं. ते घेऊ नका. करवंदीच्या जाळीतून एकदा गेलं की चिरतं, आणि चीर पडली की वाढतच जाते. त्याहून मोठी अडचण घामाची. बर्फातल्या माणसाला पोटरी कोरडी ठेवावीच लागते. आपल्याकडे गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या पावसात चढ चढताना पाय आतून घामानंच भिजतो. पँट वरून भिजलेली असते, ते पाणी खाली उतरतं. पाणी अडवायचा हट्ट सोडला की निवड सोपी होते: गेटरनं चिखल, खडे, काटे आणि जळवा अडवाव्यात, एवढीच अपेक्षा ठेवायची.

ताडपत्री आणि जुन्या बॅनरचं फ्लेक्स फुकटात मिळतं म्हणून बरेच जण वापरून बघतात. फ्लेक्स घडीवर तडकतं. ताडपत्री पोटरीवर वळत नाही, तिची कड पायाला घासते. जुन्या जीनचं कापड काट्याला उत्तम आहे, पण भिजल्यावर जड होतं आणि दोन दिवस वाळत नाही. उन्हाळ्यात उसाच्या पाल्यातून किंवा काटेरी रानातून हिंडणाऱ्यानं मात्र जीनच घ्यावी, वेगळा खर्च कशाला?

बॅगा शिवणारे वापरतात ते जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टर माझ्या मते सगळ्यांत कामाचं. दुकानात मॅटी मागितली की बॅगेचं भरड विणीचं कापड दाखवतात. कॉर्ड्युरा म्हटलं की त्याहून टिकाऊ नायलॉन. त्यावर सांगतात तो डेनियरचा आकडा धाग्याच्या जाडीचा: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १००० डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. असं कापड घोट्याजवळ लावावं, कारण तिथं दगड घासतात आणि एका बुटाची कड दुसऱ्या पायाला लागते. वर पोटरीला ४२० किंवा ५०० डेनियर पुष्कळ झालं. सबंध गेटर १००० डेनियरचा केला तर जड होतो, आणि घडी पडते तिथं चार पदर जमले की घरच्या मशीनची सुई मोडते.

आता कोटिंग, म्हणजे कापडावरचा पाणी अडवणारा थर. कापड तोंडाला घट्ट लावून फुंकर मारा. हवा पलीकडे गेली तर कोटिंग नाही. खालच्या भागाला कोटिंगचं कापड घ्या, म्हणजे चिखल आत झिरपत नाही, आणि कोटिंगची बाजू आत ठेवा, बाहेर ठेवली तर खरवडून जाते. वरच्या भागाला बिनकोटिंगचं, म्हणजे वाफ बाहेर पडेल. जुनं कोटिंग दमट कपाटात चिकट होतं, म्हणून दुकानातला तुकडा अंगठ्यानं दाबून बघा. चिकटला तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.

जळवांसाठी मात्र यातलं एकही कापड पुरत नाही. जळू कापड फाडत नाही, फट शोधते: बुटाच्या जिभेजवळून, लेसच्या भोकातून, मोज्याच्या सैल विणीतून. तिच्यासाठी जुना उपाय मांजरपाटाचा. घट्ट विणीच्या मांजरपाटाची गुडघ्यापर्यंतची पिशवी शिवायची, मोज्यावरून घालायची, त्यावर बूट, आणि वर गुडघ्याखाली नाडीनं आवळायची. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर दिवसभर बोटांना टोचते. पांढरं कापड घ्या, त्यावर चढणारी जळू लगेच दिसते. तंबाखूचं पाणी लावणारे आहेत, पण आपल्या पावसात ते तासाभरात धुऊन जातं. पिशवी भिजली तरी तिचं काम थांबत नाही. दाजीपूर किंवा आंबा घाटाच्या जंगलात पावसाळ्यात जाणाऱ्यानं आधी ही पिशवी शिवावी, गेटर नंतर.

बंदांत खरी लढत चेन आणि वेल्क्रोची. चेन नीटस दिसते, पोटरीला सारखी बसते. पण एका पावसाळ्यात पांढरेपाणी गावाच्या अलीकडे माझ्या डाव्या गेटरच्या चेनीच्या दातांत तांबडा चिखल बसला. मी जोर लावला तसा रनर एका बाजूनं निसटला, आणि उरलेली वाट मी तो गेटर सुतळीनं बांधून चालले. चेन एका दातानं गेली की सगळीच जाते. लावायचीच असेल तर मोठ्या दातांची प्लास्टिकची, ८ किंवा १० नंबरची घ्या, आणि वरून झडप द्या.

वेल्क्रो चिखल सहन करतो. पकड ढिली पडली तर उघडून धुता येतो आणि कुणाच्याही पोटरीला जुळवता येतो. तो दोन इंची रुंदीचा घ्या आणि समोर नडगीवर लावा. मागं किंवा आतल्या बाजूला लावला तर चालताना दुसरा पाय घासून उघडतो. त्याचा शत्रू कुसळ. दसऱ्यानंतर पठारावरून आलं की आकड्यांच्या पट्टीत कुसळं अशी रुततात की सुईनं एकेक काढावी लागतात, आणि काढली नाहीत तर पट्टी धरतच नाही. म्हणून फक्त पावसाळ्यासाठी शिवत असाल तर वेल्क्रो, हिवाळ्यातच जाणार असाल तर झडपेची चेन. एकच जोड शिवायचा असेल तर वेल्क्रो लावून वर आणि खाली एकेक टिचबटण ठोका. पट्टी ढिली पडली तरी बटणं गेटर धरून ठेवतात. नुसत्या टिचबटणांवर जाऊ नका, मधल्या फटींतून खडे शिरतात.

शिलाई पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं करा. सुती दोरा ओलीनं कुजतो. सुई १६ किंवा १८ नंबरची. समोर सगळ्यांत खाली पँटचा मोठा हूक शिवा, तो लेसमध्ये अडकला की पुढची कड वर सरकत नाही.

कापडी गेटर सापाच्या दातापासून वाचवतो असं धरून चालू नका. घोणस, फुरशाच्या रानात काठी आणि नजर हीच राखण.

राहिला तळव्याखालचा पट्टा. सगळ्यांत आधी झिजतो तो हाच, जांभ्यावर तर बघता बघता. आपल्या गावात पहिली सूचना चामड्याचीच येते, आणि चप्पल करणारा कारागीर हवी तशी पट्टी कापूनही देतो. पण कोल्हापुरीचं चामडं झाडाच्या सालीनं कमावलेलं असतं, पाण्यात मऊ पडून ताणतं. पावसात आपण कोल्हापुरी घालत नाही त्याचं कारण हेच. नायलॉनची पट्टी टिकते, पण ओल्या दगडावर सटकते. मला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी सगळ्यांत पटली: दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना आयलेट (भोकाला बसवायची धातूची कडी), आणि टाचेच्या पुढच्या खळग्यात बसेल अशी. ती गेटरला शिवून टाकू नका, नाडीनं बांधा. तुटली तर वाटेतच बदलता येते. मी अशा दोन जादा पट्ट्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवते.