रत्नागिरीला कधी जावं: मे, पावसाळा की हिवाळा?

शाळांना सुट्टी मेमध्ये, म्हणून रत्नागिरीही मेमध्ये, असंच बहुतेकांचं ठरतं. मुलांची शाळा आड येत असेल तर इलाज नाही. पण तारखा आपल्या हातात असतील, तर माझा क्रम असा: आधी हिवाळा, मग पावसाळा (ज्याला झेपेल त्याला) आणि शेवटी मे.

मे महिन्याला लोक उन्हासाठी नावं ठेवतात. खरं तर दुपारचा पारा जानेवारीत सरासरी ३१ अंशांच्या आसपास आणि मेमध्ये ३३च्या. फरक पडतो तो रात्री. जानेवारीत पहाटे १९पर्यंत उतरणारा पारा मेमध्ये पंचविशीच्या खाली यायला तयार नसतो, त्यात हवा दमट. अंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत पाठ पुन्हा घामाने चिकट. रत्नदुर्ग किल्ला काय, थिबा पॅलेस काय, जे बघायचं ते सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं कलल्यावर. मधले सात-आठ तास पंख्याखाली काढायची तयारी हवी.

आंब्याचं म्हणाल, तर त्यासाठीही मेची वाट बघायची गरज नाही. एप्रिलच्या मध्यापासून हापूसची आवक चांगली सुरू होते. मेच्या उत्तरार्धात भाव उतरतो हे खरं, पण तोवर बराच माल कॅनिंगला जाऊ लागतो आणि वळवाची एखादी सर झाडावरच्या फळाची वाट लावते. एप्रिलचा शेवटचा आठवडा, तोही शनिवार-रविवार टाळून, आंबा खाणाऱ्याला जास्त सोयीचा. गर्दीही तेव्हा बेताची असते.

पावसाळ्याचा हिशेबच वेगळा. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत तर दोन दोन दिवस सलग लागून राहतो, कपडे वाळत नाहीत, वीज जाते-येते. समुद्रात उतरायचा विषयच नाही. वॉटर स्पोर्ट्स बंद. यांत्रिक बोटींची मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद, त्यामुळे ताज्या सुरमई-पापलेटच्या आशेने जाऊ नका. खाडीचे मासे किंवा सुकी मासळी यांवर भागवावं लागतं. कोकण रेल्वे या दिवसांत पावसाळी वेळापत्रकावर चालते, गाड्यांचा वेग कमी असतो. घाटात दरड आली तर रस्त्याने येणाऱ्यांचा दिवस गेलाच म्हणून समजा.

एवढं सगळं असून मी पावसाळा मेच्या वर ठेवतो, कारण मेमध्ये जे करपलेलं दिसतं ते सगळं तेव्हा जिवंत असतं. रत्नदुर्गावरच्या भगवती मंदिराच्या बाजूने तटावरून खाली बघा, लाट खडकावर फुटते तेव्हा तुषार वरपर्यंत येतात. आरे-वारेचा रस्ता, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खवळलेलं मातकट पाणी, हा तर आवर्जून जाण्यासारखा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) फुलं असतात आणि पाऊसही उघडीप देऊ लागतो. फक्त गणपतीचे दिवस वगळा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि चाकरमान्यांमुळे बघता बघता संपतं. तुमच्या सहलीसाठी तिथे जागा उरत नाही.

समुद्रासाठी जाणार असाल, किंवा सोबत म्हातारी माणसं असतील, तर मात्र फार विचार करू नका, हिवाळाच. पाणी शांत, मिरकरवाडा बंदरात मासळी भरपूर, भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी आरामात चालता येतं. (शांत म्हणजे पोहायला सुरक्षित असं नव्हे. आरे-वारे आणि गणपतीपुळ्याला पाण्याची ओढ बारा महिने फसवी असते.) उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती बघायलाही हेच दिवस बरे, पावसात सड्यावर पाणी आणि गवत असतं, मेमध्ये कातळ तापून पाय टेकवत नाही.

हिवाळ्यातही सगळे आठवडे सारखे नाहीत. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य मला सर्वांत आवडतो, कारण थंडी सुरू झालेली असते आणि सड्यावरचं गवत नुकतं सोनेरी होत असतं. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष या दिवसांत गणपतीपुळ्यात खोली मिळाली तरी दर चढे असतात. जानेवारी सगळ्यात गार. फेब्रुवारी संपत आला की जरा जपून: पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा सुटला आणि समुद्राचा वारा उशिरा आला, तर पारा एखाद्या दिवशी मे महिन्यालाही मागे टाकतो. मार्चची तिकिटं काढलीच असतील, तर निघण्याआधी त्या आठवड्याचा हवामान खात्याचा अंदाज बघून घ्या आणि किल्ल्याचा बेत सकाळचाच ठेवा.