वाइन शिकायची, पण टाकीपाशी की टेबलापाशी?

‘वाइनमध्ये काहीतरी करायचंय’ असं म्हणणारी मुलं आता नाशिक-पुण्याकडे सर्रास भेटतात. घरचे विचारतात, ‘म्हणजे दारूचं दुकान काढणार का?’ तो वाद घरीच मिटवा. खरा घोळ पुढचा आहे. या एका इच्छेसाठी बाजारात दोन अगदी वेगळी शिक्षणं मिळतात. एकात वाइन करायला शिकवतात, दुसऱ्यात ती निवडायला, वाढायला, विकायला आणि तिचा हिशोब ठेवायला. कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘बेव्हरेज मॅनेजमेंट’ म्हणतात ते हे दुसरं. फी भरून झाल्यावर हा फरक कळला तर फार महागात पडतो.

आधी करण्याची बाजू. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाची एम.एस्सी. आहे. म्हणजे आधी विज्ञानाची पदवी हवी, आणि रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राशी मनापासून जमायला हवं. इथला विषय यीस्ट, साखर, आम्लता आणि सल्फर डायऑक्साइडचा. सहसा जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात. क्रेट उतरले की रसाची साखर मोजायची. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं, म्हणून २२० ग्रॅम भरली तर वाइन १३ टक्क्यांच्या आसपास जाणार, हे तिथेच कळतं. बाकी वेळ टाक्या, पाइप आणि पंप धुण्यात जातो. वाइनरीतलं निम्मं काम धुण्याचंच असतं, हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

वाइनरी मोजक्या, त्यातल्या बऱ्याचशा नाशिकच्या आसपास. अकलूज, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सकडे आणखी काही. पण यीस्टचं ज्ञान बिअरच्या कारखान्यात आणि डिस्टिलरीतही चालतं. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हा आधार छोटा नाही.

विकण्या-वाढण्याच्या बाजूचा सरळ रस्ता हॉटेल मॅनेजमेंटमधून जातो. दादरच्या १९५४ सालच्या आयएचएमसारख्या (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) सरकारी संस्थेत राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. पण तिथे पेयं हा एका विषयाचा एक भाग आहे. किचन, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग सगळं करावं लागतं, आणि पलंगाची चादर ताणून बसवताना ‘मी इथे वाइनसाठी आलो होतो’ असं वाटतंच. तरीही मला हा पाया भक्कम वाटतो, कारण बार चालवणं म्हणजे शेवटी हॉटेलच चालवणं.

बारची कमाई चवीपेक्षा मापात जास्त असते. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे २५ पेग निघायला हवेत. हात सैल पडला आणि २३ निघाले, तर रात्री स्टॉक मोजताना दोन पेगचा जाब कुणीतरी द्यायचा असतो. वाइनचे १५० मिलीचे पाच ग्लास होतात. बाटली उघडून तीन विकले, उरलेले दोन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चवीला उतरायला लागतात, आणि नफा बहुतेकदा त्या शेवटच्या दोन ग्लासांतच अडकलेला असतो. शिवाय उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवह्या रोजच्या रोज जुळाव्या लागतात. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने मॅनेजमेंटच्या वाटेला न जाणं बरं.

पदवीला जोड म्हणून लंडनच्या डब्ल्यूएसईटी (वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट) या संस्थेचे कोर्स आहेत, मुंबईसारख्या शहरांत करता येतात. दुसऱ्या पातळीची परीक्षा म्हणजे तासाभरात ५० बहुपर्यायी प्रश्न, चवीची परीक्षा नाही. खरी चाळणी तिसऱ्या पातळीला लागते. तिथे लेखी उत्तरं लिहायची आणि नाव झाकलेल्या दोन वाइन चाखून त्यांचं वर्णन करायचं. सोमेलियेच्या, म्हणजे हॉटेलात पाहुण्यांना वाइन सुचवणाऱ्या-वाढणाऱ्या जाणकाराच्या, नोकरीसाठी हे प्रमाणपत्र बघितलं जातं. मात्र ती पदवी नव्हे, आणि परदेशी नोकरी-व्हिसाच्या वेळी पदवीची जागा ती घेत नाही.

वयाचा मुद्दा समुपदेशक गाळतात. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, गोव्यात १८. म्हणजे पुण्यात पदवीला असलेला मुलगा बराच काळ पुस्तकातूनच शिकणार. पदवी आधी आणि चाखण्याचे कोर्स नंतर, हा क्रम मला त्यामुळेही पटतो.

आता परदेश. कॅनडातल्या ऑन्टारिओमधलं नायगारा कॉलेज यासाठी नावाजलेलं आहे. कॉलेजची स्वतःची वाइनरी आहे, २०११ पासून ब्रुअरी आहे, विद्यार्थ्यांनी केलेला माल विकला जातो. पदवीनंतरचा वाइन बिझनेस मॅनेजमेंटचा अभ्यासक्रमही आहे. हाताला काम देण्यात आपल्याकडचं कॉलेज त्याच्या जवळपास पोचत नाही, हे मान्य. पण तिथला वेल हिवाळाभर बर्फात झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते. विक्रीतही तसंच. तिथे प्रांताच्या सरकारी मंडळाचा बाजारावर मोठा पगडा, इथे प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. परत यायचं असेल तर बरंच काही पुन्हा शिकावं लागेल.

तिथेच राहायचं असेल तर आणखी सावध. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्या, कॉलेजात डिप्लोमा किंवा प्रमाणपत्र करणाऱ्या विद्यार्थ्यांना नंतरचं वर्क परमिट फक्त ठरावीक विषयांनाच मिळतं. तुमचा अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे कॅनडा सरकारच्या यादीतच पाहा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

माझं मत विचाराल तर बारावीनंतर सरळ परदेशी बेव्हरेज डिप्लोमाला पैसे घालू नयेत. माणसांत रमणाऱ्याने हॉटेल मॅनेजमेंट, मग दोन वर्षं बारमध्ये नोकरी, मग डब्ल्यूएसईटी. प्रयोगशाळेत रमणाऱ्याने बी.एस्सी. करून मांजरी. परदेश यानंतर, आणि शक्यतो स्वतःच्या पगारातून.

ठरतच नसेल तर फेब्रुवारीत नाशिककडच्या वाइनरीत हंगामी कामाला जा, हंगामात जादा हात लागतात. पहाटेपासून क्रेट उचलून, टाकी घासून झाल्यावरही आत काय चाललंय हे बघावंसं वाटलं तर मांजरीचा अर्ज भरा. मन सारखं टेस्टिंग रूममधल्या पाहुण्यांकडे धावत असेल तर दादरचा.