आठवडा फोनमध्ये आखावा, वहीत की भिंतीवर?

गेल्या महिन्यात भाचीनं विचारलं, "मावशी, मला आठवडा जरा ठरवून जगायचाय. वही आणू की फोनमध्येच करू?" बँकेत लागून तिला सहा महिने झालेत. सोमवार ते शनिवार कधी उलटतात ते कळत नाही आणि रविवार कपडे, झोप नि मोबाइलमध्ये जातो, असं तिचं म्हणणं. मी फोन, वही आणि भिंतीवरचं कॅलेंडर हे तिन्ही बराच काळ वापरून पाहिलेत. तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी फोन, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. कॅलेंडरमध्ये दिवसाचे तासागणिक कप्पे पाडता येतात. आठवडा १६८ तासांचा. झोपेचे ५६ आणि नोकरीचे जाण्यायेण्यासकट ५५ धरले तरी ५७ उरतात. हे पडद्यावर दिसलं तेव्हा मला खरोखर धीर आला होता, कारण "वेळच नाही" असं मी कित्येक वर्षं म्हणत होते. शिवाय फोन वेळेवर आठवण करतो, दर मंगळवारचं काम एकदाच टाकलं की पुरतं आणि नवरा-बायकोला एकमेकांचं कॅलेंडर पाहता येतं. वहीला यातलं काहीच जमत नाही.

तरी माझा फोनवरचा आठवडा मोडायचा, आणि मोडायचा तो पाण्यापायी. सोलापुरात आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं आणि वेळही मागेपुढे होते. पाण्याच्या दिवशी टाकी, पिंपं, घागरी भरेपर्यंत घरातलं कुणी हलत नाही. सहाचा कप्पा गेला की सातचा जातो, त्याच्यामागून आठचा. नऊ वाजता फोन उघडावा तर तीन कामं न होताच उलटून गेलेली. असे दोन दिवस झाले की बुधवारनंतर मी कॅलेंडर उघडायचंच सोडून द्यायची. माझं मत असं झालंय की, ज्याचे तास त्याच्या स्वतःच्या हातात आहेत त्यालाच तासांचे कप्पे मानवतात. अभ्यासिकेत बसणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी किंवा स्वतःचं ऑफिस असलेला कर सल्लागार यांनी फोनच वापरावा. ज्यांची पाळी बदलते, घरात तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांनी स्वतःला या जाचात घालू नये.

वहीबद्दल मात्र मला जास्त सांगायचंय. साधी दोनशे पानी वही घ्यायची. डाव्या पानावर माणसं आणि आपल्या जिवाच्या गोष्टी लिहायच्या: माझ्या वहीत अण्णा, मुलगी, माझे गुडघे आणि पेटी शिकणं. प्रत्येकापुढे या आठवड्यात करायची एकच गोष्ट. मग उजव्या पानावर सात वार मांडून त्या गोष्टींना आधी जागा द्यायची. किराणा, विजेचं बिल, शिलाईवाल्याकडची चक्कर हे सगळं त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बिलं नि चकरा आधी लिहिल्या की पान भरतं आणि अण्णा पुढच्या आठवड्यात ढकलले जातात.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची उमर मिलच्या भोंग्यावर गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, हे मला पुस्तकाआधी त्यांनीच सांगितलं. तो दिवस ते आम्हाला द्यायचे. किल्ल्याच्या बागेत न्यायचे. "तुम्हाला तलावावर नेते" असं मी त्यांना दोन वर्षं म्हणत राहिले. शेवटी तेच म्हणाले, "वार सांगून ठेव की, म्हंजे मी तयार होऊन बसतो." वहीत लिहिलं: शुक्रवार, साडेपाच, सिद्धेश्वर तलाव. आणि गेलो. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की केव्हा, कुठे आणि कसं हे आधी ठरलेलं असलं की मनातली गोष्ट तडीस जाण्याची शक्यता बरीच वाढते. अण्णांनी ते एका वाक्यात सांगितलं.

वहीतही पान गच्च भरण्याचा मोह होतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असा अंदाज केला होता, प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. आपला आठवडाही असाच लांबतो. म्हणून मी दिवसाला दोनच गोष्टी लिहिते आणि गुरुवार कोरा ठेवते. पाण्यानं खाल्लेली सकाळ तिथं भरून निघते. वहीचा दोष एवढाच की ती घरी राहते आणि आठवण करत नाही. माझी एका विमा हप्त्याची तारीख अशीच चुकली.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं काम वेगळं आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ दाते पंचांग ज्या गावातून निघतं, तिथं कॅलेंडरचं महत्त्व मी काय सांगावं? एकादशी, लग्नाची तारीख, गड्ड्याची जत्रा, दुधाचे खाडे हे सगळ्या घराला जाता-येता दिसतं, म्हणून कुणाच्या बेतावर कुणाचा बेत येत नाही. पण त्या चौकोनात "मुलीशी निवांत बोलणं" कुणी लिहीत नाही. घर चालवायला ते पुरतं, स्वतःसाठी दुसरं काही लागतंच.

भाचीला मी वही घ्यायला सांगितली. फोनमध्ये फक्त तारीख चुकली तर नुकसान होईल अशाच गोष्टी टाक, म्हटलं. तिच्या जागी एखादा परीक्षेचा विद्यार्थी असता तर सल्ला नेमका उलटा दिला असता.

तिनं आणखी एक विचारलं: वही घेऊन बसायचं कधी? बहुतेक जण रविवारची संध्याकाळ सांगतात आणि एकट्या माणसाला ती चांगली. माझी मुलगी पुण्यात आहे. ती शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जाते. तिच्यासमोर रविवारी वहीत डोकं घालून बसणं मला पटेना. आता मी शुक्रवारी बसते, अण्णांना तलावावरून घरी सोडलं की. पुढच्या शुक्रवारची वेळ त्यांना विचारूनच लिहिते.