आयोवाचा ऑफेन्स (पॉइंट्स काढणारी बाजू): 2023 चा की 2024 चा?
2023 ला आयोवाच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल टीमने 10 मॅच जिंकल्या खऱ्या, पण मॅचमागे सरासरी फक्त 15.4 पॉइंट्स, सगळा भार डिफेन्सवर आणि पंटर (बॉल लाथेने लांब उडवणारा) टोरी टेलरवर, तिसरा डाउन (10 यार्ड पुढे जायचा तिसरा प्रयत्न) फसला की टोरी मैदानात, पुन्हा तेच, आणि मिशिगनने 26-0, टेनेसीने 35-0 धुतलं तेव्हा तर जीव तुटला राव. मग ऑफेन्सचे कोच ब्रायन फेरेंट्झ गेले, त्यांच्या जागी टिम लेस्टर आले. 2024 ला सरासरी थेट 27 च्या वर! एकट्या कॅलेब जॉन्सनने बॉल घेऊन पळत 1,537 यार्ड काढले. पासिंग मात्र तेव्हाही रडतच होतं आणि जिंकलो 8च. तरी मला 2024 चाच हवा, 2023 सारखं नॉर्थवेस्टर्नला 10-7 ने हरवताना किती वेळा जीव मुठीत धरून बसायचं?