फास्टिंग आणि पीपी यांच्या मधले दोन तास : दंडावरच्या सेन्सरचा सात महिन्यांचा अनुभव

मला मधुमेह जडून अकरा वर्षे झाली आणि वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास ही जठराची शस्त्रक्रिया करून घेतल्याला येत्या महिन्यात चौदा महिने पूर्ण होतील. वजन ११२ किलोवरून ७९ किलोवर आले, रोजचे चाळीस युनिट इन्सुलिन पहिल्या पंधरवड्यातच बंद झाले, ग्लिमेपिराइडची गोळीही डॉक्टरांनी काढून टाकली आणि मागे राहिली ती फक्त मेटफॉर्मिनची साधी गोळी. पतसंस्थेतल्या नोकरीसाठी खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करताना महिन्यातून एकदा लॅबमध्ये रक्त द्यायचे, फास्टिंग (उपाशीपोटीची साखर) ९२ आणि पीपी (खाल्ल्यानंतर दोन तासांनी मोजलेली साखर) ८४ असा अहवाल आला की तो फाइलला लावायचा आणि निश्चिंत व्हायचे, असा माझा क्रम होता.

मात्र सकाळी नऊला नाश्ता करून कामावर बसलो की अकराच्या सुमारास हाताला कंप सुटायचा, मानेवरून घाम वाहू लागायचा आणि समोरच्या पासबुकातले आकडे डोळ्यांपुढे हलू लागायचे. अशक्तपणा असेल म्हणून मी दोन महिने अंगावर काढले. शेवटी डॉक्टरांनी सलग मोजणारा सेन्सर लावून पाहा असे सांगितले, त्याला आता सात महिने झाले.

दोन रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी अशी ही चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. तिच्या पोटातला केसासारखा तंतू त्वचेखाली राहून पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि मोबाइलवर दिवसभराचा आलेख उमटतो. एक चकती चौदा दिवस चालते. लावताना सुई टोचल्याचे कळलेसुद्धा नाही.

पहिल्याच आठवड्यात शहापूरला मेहुण्याच्या घरची वास्तुशांत होती. "घ्या दाजी, एवढ्यानं काय होतंय," असे म्हणत त्याने ताटात दोन चमचे कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई, वाढला आणि मीही नको म्हटले नाही. चाळीस मिनिटांनी आलेख २१४ वर होता, पावणेदोन तासांनी बाण सरळ खाली वळलेला आणि आकडा ६६. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर पाहिले तर ५४ भरले. साखर वेगाने घसरत असताना सेन्सर काही मिनिटे मागे असतो, हे त्या दिवशी स्वतःच्या बोटावर समजले.

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत कारण उलगडून सांगितले. बायपासनंतर अन्न छोट्याशा पिशवीतून थेट लहान आतड्यात उतरते, त्यातली साखर झपाट्याने रक्तात येते, आतड्यातून जीएलपी-१ सारखी, इन्सुलिन वाढवणारी संप्रेरके भरपूर सुटतात आणि स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते. चढ पहिल्या तासातच येऊन जातो आणि दोन तासांनी काढलेली पीपी नेमकी उताराला सापडते. ज्या ८४ च्या आकड्यावर मी खूश होतो, तो खाली जाता जाता पकडलेला आकडा होता. वर २०० आणि खाली ६० हे दोन्ही त्या अहवालाच्या नजरेतून निसटत होते.

यानंतर मी आठवडाभर नाश्त्यावरच प्रयोग केले. उप्पीट सर्वांत वाईट ठरले, एक वाटी खाल्ले की चढ आणि खड्डा दोन्ही ठरलेले. आधी उकडलेले अंडे किंवा मटकीची उसळ आणि नंतर अर्धी ज्वारीची भाकरी, असा क्रम ठेवल्यावर मात्र आलेख १४० च्या पुढे क्वचितच गेला. पाणीही जेवणासोबत न घेता अर्ध्या तासाने पितो. साखर ७० खाली आलीच तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घेतो आणि सावरल्यावर लगेच मूठभर भाजलेले शेंगदाणे खातो, कारण नुसत्या साखरेने पुन्हा चढ आणि पुन्हा खड्डा असे चक्र सुरू होते. इथेही सेन्सरचा उशीर लक्षात ठेवावा लागतो: साखर वर येऊ लागली तरी पडद्यावर ६० च दिसते आणि घाबरून माणूस दुप्पट गोड खातो. म्हणून पंधरा मिनिटांनी बोटावरच तपासतो.

तक्रारीही आहेत. एकदा पहाटे तीनला ४८ चा इशारा वाजला, पत्नीने घाबरून उठवले आणि साखरपाणी पाजले. नंतर ग्लुकोमीटरच्या पट्टीवर पाहतो तर ११८. त्या दंडावर झोपल्यामुळे तो दाबला गेला आणि आकडा खोटा खाली आला होता. तीन चमचे साखर मात्र खरी होती, ती पुढच्या तासाभरात दिसलीच. खानापूरच्या पावसाळ्यात तर दोन चकत्या नवव्या-दहाव्या दिवशीच सुटल्या. एकेका चकतीला चार ते पाच हजार रुपये पडत असताना हे परवडणारे नाही. हल्ली वरून कापडी चिकटपट्टी लावतो.

एका गोष्टीत मात्र सेन्सरचा अनपेक्षित उपयोग झाला. सहा महिन्यांपूर्वी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.८ आले आणि मधुमेह परतला की काय अशी धास्ती बसली. सेन्सरची सरासरी मात्र त्याहून बरीच कमी दाखवत होती. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासले तेव्हा ते अवघे ९.६ निघाले. बायपासनंतर लोह कमी शोषले जाते आणि लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते. शिरेतून लोह दिल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.९ झाले, गोळी एकही वाढली नाही.

आता मी सेन्सर सलग लावत नाही. दोन महिन्यांतून एक चकती, तीही शक्यतो सणाचा किंवा लग्नकार्याचा पंधरवडा पाहून लावतो. मधल्या दिवसांत नाश्त्यानंतर एका तासाने आणि दोन तासांनी बोटावर मोजून वहीत लिहितो. लॅबमध्ये फास्टिंग-पीपी देतो तेव्हा डॉक्टरांसमोर ती वही आधी उघडतो, अहवाल नंतर.