लिनक्स फोन घेताय? आधी तो झोपतो कसा ते बघा

उद्यमनगरात दिवसभर मशीनपाशी उभं राहणाऱ्याचं फोनकडे मागणं साधं असतं: खिशात पडल्यापडल्या बॅटरी उतरू नये आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की तो वाजावा. लिनक्स फोनमध्ये, म्हणजे अँड्रॉइडऐवजी संगणकासारखं लिनक्स चालवणाऱ्या फोनमध्ये, नेमक्या या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. म्हणून बॅटरीची क्षमता सांगणारे नुसते एमएएच बघू नका. झोपलेला फोन कुणाच्या हाकेला उठतो, ते विचारा.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तोच फोनला झोपवतो. ही झोप मुख्यतः दोन तऱ्हांची. ‘एसटूआयडल’ म्हणजे डुलकी: प्रोग्रॅम गोठतात, प्रोसेसर निवांत बसतो. ‘डीप’ म्हणजे गाढ झोप: प्रोसेसर बंद होतो आणि रॅम आपल्यातलं जपण्यापुरतीच वीज घेते.

पाइनफोन हा लिनक्स फोन गाढ झोपतो, आणि त्याची रचना मला मनापासून आवडते. त्याच्या ऑलविनर ए64 चिपमध्येच एक छोटा वेगळा प्रोसेसर आहे. मुख्य प्रोसेसर बंद झाला की त्यावरचं ‘क्रस्ट’ फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, राखण करतं. क्वेक्टेल कंपनीचा मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग) तर स्वतःचं लिनक्स चालवतो आणि जागाच असतो. कॉल आला की तो एका तारेवरून इशारा देतो, मग फोन उठतो. पण उठायला काही सेकंद जातात. घाईतल्या माणसानं तेवढ्यात कट केला तर मिस्ड कॉलच हाती लागतो. कॉल आणि एसएमएस फोनला उठवतात, इंटरनेटवरचे मेसेज मात्र फोन जागा होईपर्यंत ताटकळतात. गजराच्या ॲपनं घड्याळाच्या चिपला आधी सांगून ठेवलं नसेल, तर सकाळचा गजरही वाजत नाही. बॅटरी साधारण 3000 एमएएचची.

लिब्रेम 5 या दुसऱ्या लिनक्स फोनचं उलट. बॅटरी 4500 एमएएच, पण एनएक्सपीची आय-एमएक्स 8एम चिप मुळात फोनसाठी बनलेलीच नाही. स्क्रीन बंद असतानाही ती बरीच वीज खाते, आणि बराच काळ हा फोन आपोआप झोपतच नव्हता. जागा राहतो म्हणून मेसेज वेळेवर येतात, त्याची किंमत बॅटरी मोजते. दोन्ही फोनची बॅटरी काढता येते, हा मोठा आधार. एक भरलेली जवळ ठेवायची.

तिसरी वाट म्हणजे चालणाऱ्या अँड्रॉइड फोनवर उबंटू टच ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली टाकणं. तिथं कर्नल आणि ड्रायव्हर अँड्रॉइडचेच असतात, त्यामुळे कंपनीनं घडवलेली झोप आयती मिळते आणि बॅटरी या तिघांत सर्वांत बरी टिकते. मागे गेलेलं ॲप गोठतं, एवढं मात्र सोसावं लागतं. शुद्ध मेनलाइन कर्नलचा, म्हणजे कंपनीनं न बदललेल्या मूळ लिनक्स कर्नलचा, आग्रह असेल, तर ही वाट तुमची नाही.

जिओचं सिम असेल तर थांबा. जिओला 2जी नाही, कॉल व्होल्टीवरूनच (4जी नेटवर्कवरून होणारा कॉल) जातो, आणि उबंटू टचमध्ये व्होल्टी ठरावीक मॉडेलवरच चालतं. आपलं मॉडेल त्या यादीत आहे का, ते पैसे मोजण्याआधी बघा. गगनबावड्याकडे किंवा राधानगरीच्या खोऱ्यात तुमची ये-जा असेल, तर रेंज तुटक असते. तिथं मोडेम टॉवरच्या शोधात जोर लावतो आणि फोन झोपला तरी बॅटरी उतरते.

धंद्याचा एकमेव फोन हवा असेल, तर मी व्होल्टी चालणाऱ्या मॉडेलवर उबंटू टचच घेईन. शिकायचं असेल, कर्नलमध्ये हात घालायचा असेल, तर पाइनफोन. लिब्रेम 5 त्यानं घ्यावा, ज्याच्या टेबलाजवळ दिवसभर चार्जर असतो.